काळ्या रंगाखालची सायकल

सहा वर्षांपूर्वी जालन्याहून मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. लिहायला बसलो नाही असं नाही. दोन-तीनदा बसलो, मायना लिहिला आणि कागद फाडून टाकला. मग पत्र टेबलाच्या खणात गेलं, आणि खण उघडावा लागला की मी ते न बघता त्याच्याखालचं चाळत असे.

त्या पत्राला मी पात्र कसा ठरलो, ते आधी सांगतो. मी नगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होतो. नोकरीत असतानाच मला जुन्या सायकलींचा नाद लागला. चालवण्याचा नव्हे, वाचण्याचा. रद्दीत निघालेली परदेशी सायकलींची माहितीपत्रकं मी घरी आणून जपून ठेवली आणि पुढे मोबाईल आल्यावर त्यावर आणखी वाचलं. निवृत्तीनंतर एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी 'सायकलीचं वय कसं ओळखावं' असा लेख लिहिला. त्यात दर दोन वाक्यांनी 'कदाचित' आणि 'बहुधा' होतं. संपादकांनी जागा कमी पडते म्हणून ते सगळं काढून टाकलं, आणि छापून आल्यावर योहान उजागरे हा इसम या विषयातला फार मोठा जाणकार आहे असं दिसू लागलं. मलाही वाचताना तसंच वाटलं, म्हणजे बघा.

पत्र स्नेहल नावाच्या बाईंचं होतं. जालन्याच्या एका दवाखान्यात परिचारिका. माहेर नगर-दौंड रस्त्यावरच्या एका गावात. त्यांनी लिहिलं होतं:

'माझे वडील कारभारी मोकाटे दुधाचा रतीब घालत. त्यांच्याकडे एक फ्रेंच रेसची सायकल आहे. ते सांगतात, चौऱ्याहत्तर साली एक फ्रेंच तरुण सायकलवर फिरत आमच्या गावी आला, काविळीने आजारी पडला, आमच्या घरी बरा झाला आणि जाताना सायकल वडिलांना देऊन गेला. शहाऐंशी साली आमच्या गावाजवळच्या आश्रमात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांपैकी एका फ्रेंच बाईची सायकल चोरीला गेली. ती बाईंनी त्याच वर्षी नवी कोरी घेतली होती. रंग निळा. वडील तिथे रोज दूध द्यायला जात. पोलिसांनी आमची सायकल नेली. ती काळी रंगवलेली होती, पण हवालदाराने खरवडलं तर आतून निळी निघाली. बाई तोवर मायदेशी गेल्या होत्या, त्यामुळे पुढे काही झालं नाही. सायकल परत मिळाली, पण नाव कायमचं गेलं. मी तेव्हा पहिलीत होते. शाळेत मला काय म्हणत ते लिहीत नाही. सर, फोटो पाठवते आहे. ही सायकल चौऱ्याहत्तरच्या आधीची आहे की शहाऐंशीची? जे असेल ते सांगा, मी ऐकून घेईन. मी तुम्हाला विचारलं हे वडिलांना माहीत नाही, कळूही नये.'

फोटो अंधाऱ्या माळ्यावरचा, पोतं बाजूला सारून काढलेला होता. ब्रशने फासलेला काळा रंग, हँडलखालच्या नाकावरचा कंपनीचा बिल्ला गेलेला, त्या जागी रिबिटांची दोन भोकं. मी भिंग घेऊन बसलो आणि हँडलशी येऊन थांबलो. जुन्या रेसच्या सायकलींना ब्रेकची तार मुठीच्या डोक्यातून बाहेर निघते आणि हँडलच्या पुढे हवेत कमान करून खाली जाते. या सायकलीवर ती कमान नव्हती. तारा हँडलला चिकटून, वरच्या गुंडाळीखालून गेल्या होत्या. ही पद्धत ऐंशीच्या दशकातली. चौऱ्याहत्तर साली ती कुठे नव्हतीच.

म्हणजे उत्तर माझ्यापुढे होतं, आणि ते असं होतं की तुमचे वडील खोटं बोलतात. एवढं एक वाक्य एका मुलीला लिहायचं माझ्याने झालं नाही. माझं चुकत असेल, असंही वाटे. पण चुकत असेल असं मला सगळ्याच बाबतीत वाटतं, त्यामुळे त्यावर विसंबता येत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सर्जेपुऱ्यात सुनीलचं सायकलचं दुकान आहे. सकाळी पेपर वाचायला मी तिथे जातो. सुनील पन्नाशीचा, आवाज मोठा, हात त्याहून मोठे. हल्ली नगरमध्ये डॉक्टर-वकील मंडळी महागड्या सायकली घेऊन रविवारी डोंगरगणला जातात. त्यांच्या सायकली याच्याकडे येतात, म्हणून तो स्वतःला सायकलींचा सर्जन म्हणवतो.

दुकानासमोर एक छोटा टेम्पो थांबला. पुढून धोतर-टोपीतले एक म्हातारे काठी टेकत उतरले आणि मागोमाग एक म्हातारी. टेम्पोत पोत्यावर आडवी टाकलेली सायकल दिसली आणि माझ्या हातातला पेपर खाली आला. ब्रशचा काळा रंग. नाकावर दोन भोकं. हँडलवर रबराच्या पट्ट्या.

"दुकानदार कोन हाय?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "ही चालती करायची हाय."

सुनीलने सायकल खाली घेतली, उचलून तोलून बघितली. "नाना, हलकी आहे हो! आहे कुठली?"

"फ्रान्सची."

"सांगा, सांगा," म्हातारी म्हणाली. "गावानं ऐकलं तेवढं कमी झालं. आता नगरला बी सांगा."

"छबू, तू जरा बस."

"बसते की. बसल्याबसल्या ऐकू येतं मला." ती माझ्या शेजारी बाकावर बसली आणि मला म्हणाली, "दादा, ह्यांचा गुडघा बदलला. डाक्टर म्हनला सायकल मारा. पोरानं घरात हुभी राहनारी सायकल आनली, चांगली बटनाची. तर म्हनत्यात, जागची न हालनारी सायकल मारून मी कुठं जाऊ? माळ्यावरनं ही काढली. चाळीस वर्सं पोत्यात गुंडाळून हुती."

"चाळीस न्हाई. अडतीस."

"घ्या. लग्नाची तारीख इचारा, ती न्हाई याद."

सुनील हसला. "एवढी वर्षं का नाही चालवली, नाना?"

छबूबाईच बोलल्या, पण आवाज खाली आणून. "लोकं चोरीची म्हनत्यात, बाबा. पोलिसानं नेलती. तवापासून गावातून कधी काढली न्हाई."

"म्या चोरली न्हाई," कारभारी नाना म्हणाले. एवढंच. पत्ता सांगावा तसं. "मला ही एकदा गावातून चालवायची हाय. वेशीपासून देवळापर्यंत. करून देतो का?"

"देतो की," सुनील म्हणाला. "आणि हे आमचे उजागरे काका. पुस्तकात बघून सायकलीची जन्मपत्रिका सांगतात. कुठल्या सालची तेही सांगतील तुम्हाला, फुकट."

"तसं काही नाही," मी म्हणालो. "बघू. सांगता येईलच असं नाही."

"मला म्हाईत हाय कुठल्या सालची," नाना म्हणाले. "तुमी बघा तुमच्या हौशेनं."

दुसऱ्या दिवसापासून सायकल उघडायला सुरुवात झाली. मी रोजच्यापेक्षा लवकर जाऊ लागलो. पत्राबद्दल सुनीलला काही सांगितलं नाही. बाईंनी विश्वासाने लिहिलं होतं, आणि सुनीलच्या पोटात काही राहत नाही.

पायडलं आपल्याकडचीच होती. फ्रेंच क्रँकचं, म्हणजे पायडल ज्या हाताच्या टोकाला बसतं त्याचं, भोक आपल्या पायडलाच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक. कोणीतरी नागापूरच्या एमआयडीसीत दांडा लेथवर लावून बारीक करून घेतलेला. सुनीलने ते काम वळवून वळवून पाहिलं आणि मान डोलावली. मग क्रँक निघाले, आणि उजवीकडचा कप अडला. क्रँकचा आस ज्या दोन कपांत फिरतो, त्यातला हा चेनच्या बाजूचा. तो निघाल्याशिवाय आतलं काही दिसणार नव्हतं.

सुनीलने पाना लावला. हलेना. रॉकेल सोडलं, पान्यावर पाइप चढवला, पाय रोवून ओढलं. पाना सटकला आणि सुनील टायरच्या थप्पीवर जाऊन आदळला.

"फ्रान्सवाल्यांनी वेल्डिंग केलंय काय!"

त्याला काही सांगायचं म्हणजे मला अवघड. हा माणूस रोज दहा सायकली उघडतो आणि मी आयुष्यात पंक्चरसुद्धा काढलेलं नाही. पण त्याने पाइप पुन्हा उचलला तेव्हा मला राहवलं नाही.

"सुनील, तू कुठल्या बाजूला फिरवतो आहेस?"

"कुठल्या म्हणजे? उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. घड्याळासारखा फिरवला की निघतो. शेंबडं पोरगं सांगेल."

"आपल्या सायकलीला. इंग्रजी आटे. जुन्या फ्रेंच सायकलींना दोन्ही कपांना सरळच आटे असतात, असं मी… म्हणजे, वाचलंय."

"वाचलंय!" सुनील ओरडला. "काका, मी तासभर ओढतोय तो काय घट्ट करत होतो?"

"शक्यता आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, कपाळाचा घाम पुसला आणि पाना उलटा लावला. एकदा ओढलं. काहीतरी आतून कुरकुरलं. दुसऱ्यांदा ओढलं आणि कप फिरला. फिरला तो अगदी गुळगुळीत, जणू त्याला कोणी अडवलंच नव्हतं.

"चहा!" सुनीलने समोरच्या टपरीकडे हात केला. "काकांना स्पेशल. आलं घालून."

मला चहापेक्षा त्या आट्यांनी जास्त हुरूप आला. हे आटे फ्रेंच कारखान्यांनी ऐंशीच्या दशकात हळूहळू सोडून दिले. सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की फोटोवरून काढलेला निष्कर्ष पुन्हा तपासायला हरकत नाही. 'हळूहळू' हा शब्द मात्र मला टोचत राहिला. शहाऐंशीतही एखादा कारखाना जुन्या आट्यांचा असू शकेल.

शनिवारी नाना एकटेच एसटीने आले. त्या दिवशी सुनीलने रंग काढायला घेतला होता. काळा रंग कापडाने पुसला तसा निघत होता, आणि आतून निळा. मोरपिसासारखा नव्हे, शाळेच्या शाईसारखा. मी बघत राहिलो. चोरीची सायकल निळी होती.

"हितं," नानांनी वाकून सीटखालच्या नळीवर बोट ठेवलं. "शहाऐंशीला एका फ्रेंच बाईची नवी कोरी निळी सायकल गेली, तवा हितंच हवालदारानं चाकूनं खरवडलं हुतं. समदा गाव हुभा. निळा दिसला तवा एकजन बी बोललं न्हाई. त्ये गप बसनं मी इसरत न्हाई."

"रंगवली कशाला होती तुम्ही?" सुनीलने विचारलं.

"गंज धरला म्हनून. दुधाचं पानी रोज सांडायचं. एकोनऐंशीला रंगवली. कुनाला काय म्हाईत म्होरं काय व्हनार हाय?"

"घरचे तरी काय म्हणाले?"

"आई हुती तवर तीच लोकांस्नी भांडायची. छबूला तर तुमी बघितलंच. आन् पोरीला मातर कधी काय सांगावं लागलं न्हाई." नानांचा चेहरा उजळला. "स्नेहल माझी. जालन्याला नर्स हाय, अजून त्याच दवाखान्यात. समदं गाव एका बाजूला, पोर बापाच्या बाजूला. तिनं मला एकदा बी इचारलं न्हाई."

मी पेपर उघडला आणि उलटा धरला आहे हे बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं.

सुनील हँडलकडे वळला. रबराच्या पट्ट्या म्हणजे जुन्या ट्यूबच्या कापलेल्या फिती, एकावर एक, वर्षानुवर्षांच्या. ब्लेड लावून तो त्या सोलत गेला. खालच्या तारा दिसल्या. हँडलला सुतळीने बांधलेल्या. मी उठून जवळ गेलो. भीतीच वाटत होती. माझा सहा वर्षांपूर्वीचा पुरावा तो हाच.

"काका," सुनील म्हणाला, "हे कारखान्याचं काम नाही."

त्याने ब्रेकची मूठ सुटी करून माझ्या तळहातावर ठेवली. तार जिथून आत जात होती ते भोक हाताने पाडलेलं होतं. वाकडं, कडेला कानशीचे ओरखडे. आणि मुठीच्या डोक्यावर, जिथून जुन्या पद्धतीने तार निघायला हवी, तिथे मूळचं गोल, रेखीव भोक होतं आणि त्यात एक बोल्ट ठोकून बसवलेला होता.

दुसरी मूठही तशीच.

"नाना," मी विचारलं. "या तारा आधी वरून जात होत्या का? पुढे कमान करून?"

"व्हय. लई डोक्याला ताप."

"का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू याला दूध कसं घालतात तेही ठाऊक नाही. "किटल्या कुठं अडकवनार? दोन हँडलला हिकडं-तिकडं, दोन मागं. फुडच्या किटलीची कडी त्या तारंत गुतायची. एकदा चढाला कडी गुतली, बिरेक लागला आन् मी धाडकन खाली. पंधरा लिटर दूध रस्त्यावर. तवा म्या हाताच्या ड्रिलनं मुठीला भोक पाडलं आन् तारा खालनं घेतल्या. बिरेक जरा कमी लागायचा, पर किटल्या नीट बसायच्या."

"कधी?"

"हे बघा गुरुजी, साल न्हाई याद. स्नेहल व्हायच्या आधी."

सुनील मोठ्याने हसत सुटला. "नाना! जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी रेसवाल्यांना वारा लागू नये म्हणून तारा आत घेतल्या. तुम्ही त्यांच्या आधी दुधासाठी घेतल्या!"

मी हसलो नाही. मी बाकावर जाऊन बसलो. नगर-दौंड रस्त्याच्या चढावर किटलीची कडी अडकते, हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. आणि असतं तरी मी ते सायकलीच्या वयाशी जोडलं असतं का, कोण जाणे. फोटोतली तार खरी होती, तिच्यावरून मी काढलेलं साल खोटं होतं.

पण पुरावा पडला म्हणजे उलट गोष्ट सिद्ध झाली असं होत नाही. आता मला सायकलीनेच साल सांगायला हवं होतं. मी सुनीलला म्हणालो, "हब उघड. दोन्ही."

"आज? शनिवारी दुपारी?"

"आज."

त्याने भुवया उंचावल्या. माझ्याकडून त्याने असा स्वर ऐकला नव्हता. मीही नव्हता.

हब म्हणजे चाकाच्या मधला गड्डा, ज्याला आरे लागतात. त्या काळचे काही फ्रेंच हब बनवणारे महिना आणि वर्ष त्याच्या पोटावर ठोकत, हे मी लेखात लिहिलं होतं, 'बहुधा' घालून. मागच्या चाकाचा हब ग्रीस, धूळ आणि दुधाच्या साईने माखला होता. सुनीलने पेट्रोलचा बोळा फिरवला, मी भिंग धरलं. आऱ्यांच्या मधे बारीक आकडे होते. दहा, आणि बहात्तर. पुढच्या चाकाला घेतलं. नऊ, आणि बहात्तर.

"झालं की," सुनील म्हणाला.

"नाही झालं. चाकं बदलता येतात."

"कोण बदलणार? नानांनी कुठून आणायची फ्रेंच चाकं?"

"मला माहीत आहे. पण बदलता येतात. सांगाडा बघू."

मग आम्ही सांगाडा बघितला. गिअरचे खटके नळीला पोलादी पट्टीने आवळलेले. तारांना वाट देणाऱ्या कड्याही पट्टीनेच. शहाऐंशीच्या नव्या रेसच्या सायकलीला हे सगळे कान नळीवरच डाक देऊन पक्के केलेले असायचे, आणि पाण्याच्या बाटलीसाठी नळीत दोन आटेही असायचे. इथे नळी तळहातासारखी साफ. डाक दिल्याची खूण नाही, घासून काढल्याची नाही. सुनीलने पट्ट्या सैल केल्या. पट्टीखालचा निळा रंग फ्रान्समध्ये लागला तसाच होता, चकचकीत, आणि त्याच्या दोन्ही कडांना काळा रंग येऊन थांबला होता. म्हणजे पट्ट्या पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या, काळा रंग नंतरचा. दोन्ही चाकं, आटे, मुठी, पट्ट्या, नळी. पाचही जण एकाच सालाच्या आसपास बोलत होते, आणि एकानेही दुसऱ्याला खोटं पाडलं नव्हतं.

माझ्या डोक्यात शंका असायलाच हवी होती. मी शोधली. ती नव्हती.

"नाना," मी म्हणालो, "ही सायकल बहात्तरच्या शेवटी बनली. चोरीला गेलेली सायकल शहाऐंशीत नवी कोरी होती. ती ही असूच शकत नाही."

नाना काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. "व्हय," ते म्हणाले. "मला म्हाईतच हुतं."

सुनील चिडला. "नाना, काहीतरी वाटू द्या की! अडतीस वर्षांनी सुटलात तुम्ही!"

"मी कुठं अडकलो हुतो? अडकलं हुतं गाव." मग ते माझ्याकडे बघून हसले. पुढचे दोन दात नव्हते. "पर तुमी कष्ट घेतले. छबूला सांगीन. तिला बरं वाटंल. तिला कुनी शिकलेल्या मानसानं सांगितलेलं लागतं."

ते स्नेहलला फोन करून हे सांगतील का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि लगेच त्याचं उत्तरही आलं. नाही सांगणार. का सांगतील? त्यांच्या लेखी त्या मुलीने कधी विचारलंच नव्हतं.

पुढचे काही दिवस सुनीलच्या हाताला गाण्यासारखी लय आली होती. टायर पुण्याहून आले. मुठींची मूळ भोकं मोकळी करू का, असं त्याने विचारलं. माहितीपत्रकात जशी होती तशी करायची तर तारा पुन्हा वरून कमान करून न्यायला हव्यात. संग्राहक तसंच करतात. मी म्हणालो, "नको. नानांनी पाडलेली भोकं राहू दे. तारा खालूनच जातील." निळा रंग आम्ही नवा दिला नाही. जिथे उडाला होता तिथे उडालेलाच ठेवला, गंज काढला, वर मेणाचा हात दिला. हवालदाराच्या चाकूचा ओरखडा होता तिथेच आहे. तो भरू का, असं सुनीलने नानांना फोनवर विचारलं होतं. "र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "लोकांस्नी दिसू दे आता."

सायकल न्यायला दोघंही आले. नानांनी टोपी नीट केली आणि काठी छबूबाईंच्या हातात दिली.

"पडला तर मी उचलायची न्हाई," त्या म्हणाल्या. "नवा गुडघा हाय. त्याचे हप्ते पोरगं भरतंय."

"पडत न्हाई."

नाना सायकलवर बसले. सुनील मागून सीट धरायला धावला, तोवर ते गल्लीच्या टोकाला होते. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, त्यांनी घंटी दिली. वळून परत आले तेव्हा धोतराचा सोगा एका हातात होता आणि हँडल दुसऱ्या.

"बिरेक लागतो का?" सुनीलने विचारलं.

"जरा कमी," नाना म्हणाले. "पहिल्यासारखा."

छबूबाईंनी पदराने तोंड झाकलं होतं. हसत होत्या की काय ते मी बघितलं नाही. मी मोबाईलवर त्या सायकलीचे फोटो काढत होतो, हबचे, पट्टीखालच्या रंगाचे, दोन्ही मुठींचे. सायकल टेम्पोत चढली, नानांनी सुनीलचा हात हातात घेतला, मला नमस्कार केला, आणि टेम्पो कोपऱ्यावर दिसेनासा झाला.

घरी येऊन मी खण उघडला आणि पत्र बाहेर काढलं. मायना लिहिला: 'सप्रेम नमस्कार.' फाडला नाही. मग लिहिलं:

'तुमच्या वडिलांची सायकल १९७२ सालची आहे. १९८६ साली चोरीला गेलेली सायकल ही नव्हे. हे मी फोटोवरून लिहीत नाही. सायकल पूर्ण उघडून, प्रत्येक भाग हातात घेऊन लिहितो आहे. फोटोवरून मी उलटा अंदाज केला होता आणि तो तुम्हाला कळवायचं धाडस झालं नाही, म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची सहा वर्षं तुम्ही काढलीत. माझा अंदाज का चुकला ते सांगतो, कारण तो तुमच्या वडिलांच्या हुशारीमुळे चुकला.'

मग मी किटल्यांचं लिहिलं. कडी तारेत कशी गुंतत असे, चढावर दूध कसं सांडलं, हाताच्या ड्रिलने भोक कसं पाडलं. आटे, हब, पट्ट्या, पट्टीखालचा रंग, एकामागून एक लिहिलं, आणि प्रत्येकाचा फोटो छापून जोडला. चार पानं झाली. सवयीने दोन ठिकाणी 'बहुधा' पडलं होतं, ते खोडलं. खोडाखोड नको म्हणून ती दोन पानं पुन्हा लिहिली. शेवटी लिहिलं:

'तुम्ही मला विचारलं होतं हे त्यांना माहीत नाही. माझ्याकडून कधी कळणार नाही. ते म्हणतात, माझ्या मुलीने मला एकदाही विचारलं नाही. ते खरंच आहे. तुम्ही त्यांना विचारलं नाही, मला विचारलंत.'

हे शेवटचं लिहावं की नाही, यावर मी बराच वेळ घालवला. राहू दिलं.

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीने पाकीट तराजूवर ठेवलं आणि पत्ता वाचला. "जालना. आजोबा, साधं टाकायचं का स्पीड पोस्ट?"

"स्पीड पोस्ट," मी म्हणालो. "फार दिवसांपासून वाट बघतायत तिकडे."

तिने चिकटपट्टी दाबली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.